उसनं

मंगळवारी सकाळी सातला मी हॉर्न वाजवत नाही.
दिवे लावून थांबते.
थेल्मा क्विस्ट पायऱ्या उतरते, एक हात कठड्याला,
दुसऱ्या हातात आइस्क्रीमची रिकामी बादली
झाकणासकट.
उलटी झालीच तर.

टू हार्बर्स ते डुलुथ, सत्तावीस मैल.
डावीकडे तळं. तळं आपलं म्हणायचं,
पलीकडचा काठ कुणी पाहिलाय!
मी रुग्णांना नेते-आणते. पेट्रोलचे पैसे संस्था देते,
आणि एक पुस्तिका. तिच्यात पान चारवर:
प्रवासात वातावरण प्रसन्न ठेवा.

महिनाभर ठेवलं.
हरणांवर बोलले, बर्फावर, भाच्याच्या हॉकीवर,
बीटाच्या रसाने बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी नणंदेवर.
नाइफ नदीच्या पुलावर ती म्हणाली,
"मार्गिट, जरा गप्प बसशील?
मला भीती वाटतेय
आणि तुझ्या आवाजात ती मला ऐकू येत नाहीये."

तेव्हापासून वायपरचा आवाज.
कधी तिचा.

तिच्या फ्रीजरमध्ये अकरा कॅसरोल आहेत.
सोफ्यावर गोधडी, मधोमध टाक्यांनी लिहिलेलं: योद्धा.
शिवणाऱ्या बायका रात्र रात्र जागल्या होत्या,
म्हणून ती पांघरते. टोचते तरी.
"सगळ्यांनी मला धीर दिला," ती म्हणाली,
"पण दिला कुठे, उसना दिला.
वाटीभर साखरेसारखा.
दाराशी उभे राहतात वाटी परत न्यायला,
आणि मी हसून भरून देते,
शिगोशीग.
मग दार लावते आणि जमिनीवर बसते."

नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात तिच्यासाठी पॅनकेक नाश्ता,
माणशी आठ डॉलर.
गुलाबी फुगे. फुग्यांना तिने काही म्हटलं नाही.
कुणीतरी माइक दिला, दोन शब्द बोल म्हणून.
ती बोलली:
"हाडांत होतंच. आता यकृतात आहे.
मी बरी होणार नाही.
लढत वगैरे नाही मी. खुर्चीत बसते, औषध आत जातं.
लढाई असेलच तर
मी फार तर ती जमीन, जिच्यावर ती चाललीय.
पॅनकेकबद्दल आभार."

तव्यावर काहीतरी करपत होतं.
मग मागून एकजण ओरडला, "तू जिंकणारच, थेल्मा!"
आणि टाळ्या. उभं राहून टाळ्या.
सुटल्यासारखे सगळे वाजवत होते,
मीही,
हात थांबवायचे कसे ते मला कळेना.

आर्वो लाहती तेवढा बसून होता.
जन्म गेला लोखंडाच्या धक्क्यावर, एक कान गेलेला.
त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली, फरशीवर करकर वाजवत.
"नीट ऐकू नाही आलं. यकृत म्हणालीस?"
"हो."
"दुखतं?"
"रात्री. उजव्या कुशीवर झोपता येत नाही."
"हं," आर्वो म्हणाला.
सिरपची बाटली तिच्याकडे सरकवली,
आणि दोघं खात बसली.

परतताना ती सांगत होती,
दोन वर्षांत हे तिला डॉक्टरांखेरीज कुणी विचारलं नव्हतं.
मी स्टीअरिंगकडे बघत राहिले.
मीही कुठे विचारलं होतं.

खरं बोललं की रडावं लागतं, असं लोकांना वाटतं.
थेल्मा बर्फ हटवायचं यंत्र कुणाला द्यायचं ते ठरवते.
दिराला नको, त्याने कुऱ्हाड घेतलेली परत केली नाही.
धक्क्याला लागलेलं जहाज मोजून दाखवते.
परवा अर्ध्या वाटेत गाडी थांबवली,
ओकली, बादली बर्फाने घासली,
पुन्हा बसली, म्हणाली, "व्हॅनिलाचा वास अजून आहे गं,"
आणि आम्ही इतक्या हसलो
की मला आणखी थोडं थांबावं लागलं.

पुस्तिका खणात आहे, काच खरवडायच्या पट्टीखाली.
मी आता एवढंच विचारते, आज कसं?
ती लगेच उत्तर देत नाही.
खरंच विचार करते,
कधी कधी फ्रेंच नदी येईपर्यंत.